छबीचा हेवा

मी जळकी बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की बाईंनी लपवलं. धाकट्या बहिणीची भाकर फुगली की माझं पोट दुखतं. शेजारणीच्या मोगऱ्याला माझ्यापेक्षा जास्त कळ्या आल्या की मी तिच्याशी धड बोलत नाही. घरात मला लहानपणापासून जळकुकडी म्हणायचे आणि ते काही चुकीचं म्हणत नव्हते. या स्वभावाचा जगात कुठे उपयोग होईल असं मला वाटलं नव्हतं. पण अकोल्यात जठारपेठेतल्या एका मानसोपचाराच्या दवाखान्यात मी समुपदेशक म्हणून अख्खी नोकरी काढली आणि तिथे हाच स्वभाव सगळ्यात जास्त कामी आला. दुसऱ्यांना माणसाचं रडू दिसतं, राग दिसतो, भीती दिसते. मला त्याखालची जळजळ आधी दिसते.

समुपदेशक म्हणजे काय, हे मी माझ्या आईला शेवटपर्यंत समजावू शकले नाही. "लोकं येतात, बोलतात, तू आयकते, अन् त्याचा पगार भेटते तुले?" असं ती विचारायची. हो आई, असंच. डॉक्टर गोळ्या लिहून देतात, मी समोर बसून ऐकते. मधूनमधून एखादा प्रश्न विचारते. तो प्रश्न कोणता आणि कधी, एवढंच काय ते आमचं शिक्षण.

आमच्या धंद्यातली एक गंमत बाहेरच्यांना माहीत नसते. आमचे पेशंट बहुतेक अमरावतीचे असायचे आणि अकोल्याचे पेशंट अमरावतीला जायचे. आपल्याच गावात मनाच्या डॉक्टरच्या पायऱ्या चढताना कोणी पाहिलं तर पोरीचं लग्न अडेल, अशी दोन्हीकडे धास्ती. त्यामुळे मूर्तिजापूरच्या आसपास दोन एसट्या एकमेकींना ओलांडत असतील आणि दोन्हींत तोंडाला रुमाल बांधून बसलेली माणसं असतील, असं माझ्या डोळ्यांसमोर यायचं. मी स्वतः मूळची अमरावतीची. तिथल्या दवाखान्यात माझी वर्गमैत्रीण हेच काम करायची. अकोल्याचे चांगले, बोलके पेशंट तिच्याकडे जातात आणि माझ्या वाट्याला अमरावतीचे घुमे येतात, याचा मला कायम राग होता.

वंदना अशीच अमरावतीहून आली. नाव बदललं आहे, काही तपशीलही फिरवले आहेत. लिहू का, असं तिला विचारलं आहे. तिला म्हणजे तिच्यातल्या सगळ्यांना. ते कसं, ते पुढे येईलच.

वंदनाच्या सासरी शहराबाहेर वावर आहे. भाजीपाला आणि झेंडू. शहरात फुलांचं दुकान आहे, तिथे ती हार ओवायला बसायची. तिला घेऊन तिचा नवरा आला. रमेशभाऊ म्हणू त्यांना. खुर्चीत टेकायच्या आधीच बोलले.

"म्याडम, हिचं कोणासंग तरी आहे."

वंदना जमिनीकडे पाहत होती.

"दुपारी दुकानातून गायब होते. संध्याकाळी येते. कोठी गेली होती म्हटलं, तं म्हणते मले मालूम नाई. असं कसं मालूम नाई? अन् हे पहा." त्यांनी पिशवीतून रंगीत कागद गुंडाळलेल्या टिपऱ्या काढल्या, लाल रिबिनी काढल्या, काचेच्या बारीक बांगड्या काढल्या. बांगड्या एवढ्या लहान की वंदनाच्या मनगटात जाणार नाहीत. "हे कपाटात कपड्यायच्या मागं होतं. कोण आणून देते हिले?"

"मले खरंच मालूम नाई," वंदना म्हणाली.

मी रमेशभाऊंना बाहेर चहा प्यायला पाठवलं. ते गेल्यावर तिने त्या बांगड्या उचलून पिशवीत परत ठेवल्या. मग हळूहळू बोलायला लागली.

"आंघोळीले गेली होती म्याडम. पाणी अंगावर घेतलं एवढं याद आहे. अन् एकदम बाजारात उभी. हातात मेथीची जुडी. लुगडं नेसलेली, केस इंचरलेले. मधातलं काईच नाई."

हे लहानपणापासूनचं होतं. शाळेत मास्तर म्हणायचे, काल तर तू कविता म्हणून दाखवली, आज येत नाही? शेजारीण म्हणायची, काल माझ्याशी भांडली आणि आज हसते कशी? सगळे तिला खोटारडी म्हणायचे. मग ती शिकली. कोणी 'काल तू म्हणाली होती ना' म्हटलं की हसायचं आणि 'हाव ना' म्हणायचं. समोरच्याच्या तोंडाकडे पाहून काल काय झालं असेल ते ताडायचं. डोक्यात आवाज यायचे, एक लहान पोरीचा, एक बाईचा. ते तिने कधी कोणाला सांगितलं नव्हतं. पोरगी वेडी आहे म्हणतील, ही भीती होती.

डॉक्टरांनी आधी बाकी सगळं तपासलं. फिट येतात का, मेंदूत काही आहे का, दारू-औषधांचं काही आहे का. बरेच महिने गेले. मग त्यांनी त्या आजाराचं लांबलचक इंग्रजी नाव घेतलं, डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर. सिनेमावाल्यांनी त्याचं पार वाटोळं केलं आहे. तिथे एका माणसात दोन माणसं असली की त्यातलं एक खून करतंच. मी पाहिलेल्या माणसांनी दुसऱ्या कोणाला बोटही लावलं नाही. इजा केली असेल तर स्वतःलाच.

सोपं करून सांगते. लहान लेकराला घरातच असं काही सोसावं लागलं की जे सोसून जगताच येत नाही, आणि तेही पुन्हा पुन्हा, आणि पळून जायला जागा नाही, तर कधी कधी त्याचं मन वाटणी करतं. भावाभावांची वाटणी होते तशी. एकाच घरात मधे भिंत पडते, चुली वेगळ्या होतात, आणि या चुलीवर काय शिजलं ते त्या चुलीला कळत नाही. एकीकडे दुखणं राहतं, दुसरीकडे शाळा, तिसरीकडे राग. लेकरू जगतं. भिंत मात्र मोठं झाल्यावरही तशीच राहते. यावर गोळी नाही. गोळी झोपेसाठी, उदासीसाठी. बाकी काम बोलण्याचं आणि ते वर्षानुवर्षं चालतं.

आपल्याकडे लगेच कोणीतरी म्हणतं, हे तर अंगात येणं. नाही. पातूरकडची एक काकू तिच्या पोरांनी मोबाईलवर काहीबाही पाहून आणली होती. तिला विचारलं, कधी येतं? "नवरात्रात, आरतीच्या टायमाले. देवी येते, सगळ्यायले अंगारा देते, मंग मी चहा पेते." घरच्यांना ठाऊक, गावाला ठाऊक, कोणाला त्रास नाही. मी पोरांना म्हटलं, घरी न्या आणि नीट वागवा. जाताना काकूने दारातून विचारलं, "म्याडम, तुमच्या अंगात काय येते?" मी म्हटलं, "माझ्या अंगात हेवा येते काकू. त्याले नवरात्रही लागत नाई." काकू खूप हसली. वंदनाचं तसं नव्हतं. तिथे कोणी वेळ पाहून येत नव्हतं आणि आलेल्याची तिला खबरही नसायची.

छबी पहिल्यांदा आली तेव्हा वीज कडाडली नाही की काही नाही. वंदना बोलता बोलता थांबली, शेजारच्या खोलीतून कोणी हाक मारल्यावर माणूस कान देतं तशी. पापण्या दोन-चारदा लवल्या. मग तिने चपला काढल्या, खुर्चीवर मांडी घातली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "आजी, तुमच्या केसायले काय झालं?"

आजी! केस पांढरे होते हे कबूल, पण तोवर मला कोणी आजी म्हटलं नव्हतं.

ती आठ वर्षांची होती. नाव छबी. लग्न झालंय हे तिला माहीत नव्हतं, रमेशभाऊ म्हणजे 'ते मिशीवाले भाऊ'. टिपऱ्या तिच्या, रिबिनी तिच्या. बांगड्या तिने बाजारातून आणल्या आणि हातात जात नाहीत म्हणून रडली होती. तिला एकच गोष्ट माहीत होती, ती म्हणजे भुलाबाई.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे घरोघर भुलाबाई, म्हणजे पार्वतीची मातीची मूर्ती, बसते. संध्याकाळी गल्लीतल्या पोरी टिपऱ्या घेऊन एका घरून दुसऱ्या घरी जातात, गाणी म्हणतात, आणि शेवटी खिरापत ओळखायची असते. त्या घरची बाई झाकलेला डबा आणून वाजवून दाखवते. पोरी कान लावून ओरडतात, गोड का तिखट, फुटाणे का चिवडा. ओळखल्याशिवाय झाकण उघडत नाही.

वंदनाचं माहेर मोर्शीचं. तिथे तिच्या घरातल्याच एका माणसाने तिचं बालपण नासवलं. याहून जास्त मी लिहिणार नाही, ते तिचं आहे. त्या घरात तिला दिवेलागणीची धास्ती असायची. वर्षातून एक महिना मात्र दिवेलागणीला ती घरात नसायची. टिपऱ्या घेऊन गल्लीत असायची, दहा पोरींच्या घोळक्यात, एका उजेडाच्या घरातून दुसऱ्या उजेडाच्या घरात. तो महिना छबीकडे राहिला. घरी परत यायची ती दुसरी. ती दुसरी पुढे मला भेटली. छबी तिला 'मोठी' म्हणायची. सगळं दुखणं आणि सगळा राग मोठीकडे होता. मला ती अरे-तुरे करायची आणि तिचे दोन्ही हात कायम छातीवर घट्ट बांधलेले असायचे.

दवाखान्यात छबी सगळ्यांची लाडकी झाली. आमची आया तिला शेंगदाण्याची चिक्की आणायची. डॉक्टरही तिच्याशी बोलताना मऊ व्हायचे. मला ती आवडायची नाही. मी तिच्यावर जळायचे. आमचं घर बौद्ध. आईने देवादिकांचं सगळं बंद केलेलं, त्यात भुलाबाईही आलीच. आईचं बरोबर होतं, मी आजही तेच म्हणते. पण संध्याकाळी गल्लीतल्या पोरींचा घोळका आमच्या दारापुढून जायचा, तेव्हा टिपऱ्या थांबायच्या. शेजारच्या दारापर्यंत आवाज, आमच्या दारापुढे चूप, आणि पुढच्या दारापासून पुन्हा आवाज. मी उंबऱ्यावर उभी असायचे. वंदनाच्या बालपणात नरक होता, पण तिच्याकडे तो एक महिना होता. माझ्या बालपणात नरक नव्हता, आणि तो महिनाही नव्हता. हिशोब लावायची ही जागा नाही हे मलाही कळतं. तरी मी जळायचे.

रमेशभाऊंना समोर बसवून सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माणूस असता तं बरं झालं असतं म्याडम. त्याच्या तंगड्या तोडल्या असत्या. इथं कोणाच्या तोडू?" पण माणूस चांगला निघाला. त्या दिवसापासून त्यांनी वंदनाला कुठे गेली होती हे विचारणं सोडलं आणि जेवली का, एवढं विचारायला लागले.

त्यांना एक मुलगी. परी, सात वर्षांची. तिला आईतला फरक आमच्या सगळ्यांच्या आधी कळला होता आणि तिने त्याचा काही बाऊ केला नव्हता. एकदा रमेशभाऊंनी मोबाईलवर घेतलेला व्हिडिओ वंदनाला दाखवला. समजावं म्हणून दाखवला, बिचाऱ्यांना वाटलं मदत होईल. त्यात छबी आणि परी अंगणात टिपऱ्या खेळत होत्या. छबी चुकायची, परी खदखदून हसायची, दोघी पडायच्या, पुन्हा उठायच्या.

दुसऱ्या दिवशी वंदना एकटीच अकोल्याला आली. बसल्या बसल्या म्हणाली, "तिले काढून टाका म्याडम."

"कोणाले?"

"छबीले. ऑपरेशन असन तं ऑपरेशन करा."

डॉक्टर मला नंतर म्हणाले, घाबरली आहे. मी म्हटलं, नाही डॉक्टर, ती जळते आहे. वास मला ओळखीचा होता. पुढच्या वेळी मी तिला सरळ विचारलं, परी तुझ्याजवळ तशी हसते का?

वंदनाचा चेहरा कसानुसा झाला. "मी तिचे डबे करतो, तिची वेणी घालतो, रातभर खोकली तं उठून बसतो. अन् शाळेतून आली का इचारते, आई, छबी कवा येणार? मलेच इचारते म्याडम. माझ्याच तोंडाकडे पाहून." थोडं थांबून म्हणाली, "माझ्या वाट्याची सगळी मजा तिनं नेली. लहानपणाची नेली. आता माझी पोट्टी पण नेऊन राहिली."

आमच्या कामात एक नियम आहे. आतल्या कोणाला काढून टाकायचं नसतं आणि आतल्या कोणाची बाजू घ्यायची नसते. ज्याला हाकलायला जाल ते जास्त जोरात दार वाजवतं. भिंतीत खिडकी पाडायची, एकमेकींशी बोलतं करायचं, एवढंच. हे मी वंदनाला सांगितलं. ती हाव म्हणाली. ती हाव म्हणण्यात पटाईत होती हे माझ्या लक्षात असायला हवं होतं.

पुढच्या भाद्रपदात तिने घरात भुलाबाई बसवलीच नाही. मूर्ती एका ओळखीच्या घरी देऊन टाकली, टिपऱ्या चुलीत घातल्या. भुलाबाई नाही तर छबी येणार कशाला, असा तिचा हिशोब. दसऱ्याचा झेंडू तोडायला आलेला, घरात सगळी माणसं कामात. एका दुपारी वंदना आणि परी दोघीही दिसेनात.

दिवेलागणीला रमेशभाऊंना अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडे परी होती.

"बाबा, आई छबी झाली अन् तिले लय भेव लागून राहिलं. आमी मोर्शीच्या स्टँडवर आहो."

छबी भुलाबाई शोधायला तिच्या गल्लीत गेली होती. आठ वर्षांची पोर सात वर्षांच्या पोरीला घेऊन, सोबत मोठं माणूस कोणी नाही. गल्लीत तिच्या ओळखीचं दार उरलं नव्हतं. सिमेंटचा रस्ता झालेला, घरांना लोखंडी फाटकं, कोणी टिपऱ्या वाजवत नव्हतं. मग अंधारायला लागलं. ज्या माणसाची धास्ती तो केव्हाच मेला होता, पण छबीला ते माहीत नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की आता घरी जायचं नाही. ती स्टँडवरच्या बाकावर पाय पोटाशी घेऊन रडत बसली. परीने संत्री विकणाऱ्या बाईचा फोन मागून घेतला आणि पाठ असलेला बापाचा नंबर लावला.

घरी आल्यावर वंदनाला यातलं काही आठवत नव्हतं. सासूबाईंनी परीच्या कपड्यांची पिशवी भरली. परीने बाळापूरला तिच्या आत्याकडे राहायचं, तिथल्या शाळेत जायचं. मला त्या म्हणाल्या, "सुनेले मी टाकत नाई म्याडम. आजारी माणूस आहे, पाहू तिचं. पण लेकराचा जीव टांगणीले नाई लावत." त्यांच्या जागी मी असते तर पिशवी मीही भरली असती. रमेशभाऊंनी हातापाया पडून जूनमध्ये शाळा उघडेपर्यंतची मुदत मागून घेतली. तोवर वंदनाला परीसोबत एकटीला सोडायचं नाही, ही अट. भरलेली पिशवी कपाटावर ठेवली. वंदनाला ती येता जाता दिसायची.

त्यानंतर वंदनाने पहिल्यांदा मनापासून काम केलं. मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून निरोप ठेवायचा, छबी आली की तिला तो ऐकवायचा, तिचं उत्तर वंदनाला. वंदनाचा पहिला निरोप होता, "माझ्या घरी येत जाऊ नको." छबीने कान लावून ऐकला आणि फोनमध्ये तोंड घालून म्हणाली, "तुह्यं घर नाई, परीचं आहे." वंदना चिडून अर्ध्या तासात उठून गेली. पण पुढच्या वेळी आली तेव्हा नवीन निरोप घरूनच तयार करून आली होती. "परीले बाहेर नेत जाऊ नको. अंगणात खेळा." छबी म्हणाली, "बरं. पण टिपऱ्या जाळाच्या नाई."

मोठीला मनवायला सगळ्यात जास्त वेळ लागला. ती सगळं ऐकून घ्यायची आणि तोंड फिरवायची. मी तिला म्हटलं, तू इतकी वर्षं एकटीने पहारा दिला, आता फक्त अंगणाच्या फाटकावर दे, छबी-परी बाहेर जाऊ नयेत म्हणून. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "घरात कोणी आवाज चढवला नाई पायजे," ती म्हणाली. "मंग फाटकाची कडी मी पाहतो." रमेशभाऊंना विचारलं. ते म्हणाले, "आपण कवा आवाज चढवला?" मग स्वतःच म्हणाले, "बरं, नाई चढवणार."

थंडीत मी खिरापतीचा प्रयोग केला. वंदनाने घरून डबा भरून आणायचा आणि छबीने ओळखायचा. डॉक्टरांना ती कल्पना इतकी आवडली की पुढे एका परिषदेत त्यांनी ही हकिगत सांगितली आणि टाळ्या घेतल्या. माझं नाव त्यांनी घेतलं, खोटं कशाला बोलू. पण पार शेवटी घेतलं.

छबीने डबा हलवला, कान लावला. "चिवडा." नाही. "फुटाणे." नाही. ज्या हातांनी सकाळी डबा भरला तेच हात तो हलवत होते आणि त्यांना पत्ता नव्हता. भिंत म्हणजे काय ते मला पुस्तकांनी इतकं नीट कधी दाखवलं नव्हतं. आत शंकरपाळे होते. छबीने एक खाल्ला आणि म्हणाली, "कडक केले." मी ते वंदनाला सांगितलं तर ती तणतणली, "फुकटचं खाते अन् नावं ठेवते." पण पुढच्या खेपेला शंकरपाळे खुसखुशीत होते.

मे महिना आला. कपाटावरची पिशवी तशीच होती. शाळा उघडायच्या तोंडावर एका दुपारी वंदना यायची होती, आली छबी. चपला काढल्या, खुर्चीवर मांडी घातली, पण माझ्याकडे पाहेना. ओठ काढून बसली.

"काय झालं छबे?"

"काई नाई."

"कोणी रागावलं?"

तिने मान हलवली. "परीले ताप आला होता. मी तिच्याजवळ बसली. तिले नव्या टिपऱ्या देल्ल्या, रिबिनी देल्ल्या, माकडाचं तोंड करून दाखवलं. तं ते हासलीच नाई. मले म्हणे, छबे, तू जाय. आईले पाठव."

"मंग?"

"मंग काय, मी गेली." तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं आणि ते तिने लहान लेकरू पुसतं तसं मनगटाने पुसलं. "मी तिच्यासंग इतकी खेळतो. अन् ताप आला तं तिले आई पायजे. मी काय केलं होतं आजी?"

जी जळजळ मी वर्षभर वंदनाच्या तोंडावर पाहत होते, ती आता त्याच तोंडावर छबीची होती. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला त्या पोरीबद्दल माया वाटली.

परीचं ते 'आईले पाठव' खरं तर वंदनासाठी होतं. ती आयुष्यभर ज्याची वाट पाहत होती ते माझ्या हातात आलं होतं, पण मला सापडलं ते छबीकडून. न विचारता द्यायचं नसतं. मी छबीला म्हटलं, "हे मी वंदनाले सांगू?"

तिने विचार केला. "सांगा. पण तिले म्हणा, खिरापत पायजे. भुलाबाई नसली म्हणून काय झालं."

थोड्या वेळाने पापण्या लवल्या, पाय खाली आले, आणि समोर वंदना होती. गालावर हात लावून तिने ओलं काय आहे ते पाहिलं. तिला तापाची रात्र आठवत होती, पण मधूनच. आपण परीच्या कपाळावर ओली पट्टी ठेवतो आहोत आणि सासूबाई दारात उभ्या राहून पाहताहेत, तिथून पुढचं. आधीचं काहीच नाही. त्या दारात का उभ्या होत्या, ते रमेशभाऊंनी नंतर मला सांगितलं. परीचं बोलणं त्यांनी कानांनी ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी कपाटावरची पिशवी खाली आली आणि परीचे कपडे पुन्हा कप्प्यात गेले.

मी वंदनाला सांगितलं. जसं छबीने सांगितलं तसंच, एक शब्द इकडचा तिकडे न करता. छबे, तू जाय. आईले पाठव.

मला वाटलं ती रडेल, किंवा हसेल. किंवा म्हणेल, पाहा, मी म्हटलं नव्हतं? मी तिच्या जागी असते तर गावभर सांगितलं असतं. जिंकलेल्या माणसाचं तोंड कसं होतं ते पाहायला मी चष्मा नीट केला, खरं सांगते.

वंदना हातांकडे पाहत बसली. मग मान वर करून तिने विचारलं, "अन् छबी? ते रडली का?"

"हो," मी म्हटलं. "थोडी."

"तिले काय आवडते म्याडम? खिरापतीत?"

मला माहीत नव्हतं. इतक्या भेटी झाल्या आणि मी ते कधी विचारलं नव्हतं. "इचार ना तिलेच," मी म्हटलं. वंदनाने मोबाईल काढला, बटण दाबलं, आणि परीशी बोलावं तशा आवाजात बोलायला लागली.

मी उठून खिडकीशी गेले. लहानपणी आमच्या दारापुढे टिपऱ्या थांबल्या की मी आत जाऊन आईच्या पाठीमागे बसायचे. तू रडली का, असं मला त्या पोरींपैकी कोणी कधी विचारलं नाही. आता तर विचारणारं कोणी उरलंही नाही. आणि इथे या बाईच्या आतच कोणीतरी होतं, जे रडत होतं, आणि कोणीतरी, जे त्याची चौकशी करत होतं. आयुष्यात मी कोणाकोणाचा हेवा केला ते सांगितलंच आहे. पण त्या दुपारी वंदनाचा वाटला, तसा कोणाचाच नाही.